राखलेली तहान

डिसेंबर सरता सरता एखादा परमुलखातला पाहुणा वरूड-मोर्शीकडे आला आणि हौसेनं संत्र्याचा बगीचा पाहायला गेला, तर त्याचा जीव कळवळेल. विहिरीला पाणी आहे, मोटारीला वीज आहे, ठिबकच्या नळ्या झाडाखाली पसरलेल्या आहेत, तरी झाडं मलूल. पानं कडेनं आत वळलेली, काही पिवळी होऊन आळ्यात पडलेली. कास्तकारानं बगीचा टाकून दिला की काय, अशी शंका यावी. पण तो तर तिथंच बुंध्याशी उभा असतो. पान दोन बोटांत धरून पाहतो, पायानं ढेकूळ फोडतो, आणि पाणी न सोडता घरी जातो. या न सोडण्याला ताण देणं म्हणतात. वऱ्हाडातला संत्रा जगतो पाण्यावर, पण फुलतो या ताणावर.

फुलण्याआधी संत्र्याच्या झाडाला थांबावं लागतं. मुळं पाणी ओढताहेत, शेंड्याला नवती फुटते आहे, तोवर झाड पानांच्याच नादात असतं. वाढ थांबली की पानांनी तयार केलेलं अन्न खर्ची पडत नाही, फांद्यांत साठत जातं. मग पाणी मिळालं की ते साठलेलं सगळं डोळ्याडोळ्यांतून फूल होऊन बाहेर येतं. स्पेन, कॅलिफोर्नियासारख्या मुलखांत झाडाला थांबवण्याचं काम थंडी करते. वऱ्हाडातही थंडी पडते, पण ती दोन महिन्यांची पाहुणी. तिच्या एकटीच्या भरवशावर बहार धरता येत नाही. म्हणून उरलेलं काम तहानेकडून करून घ्यायचं. इटलीतल्या सिसिली बेटावरचे लिंबूवालेही पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. ऐन उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडायचं, पानं कोमेजली की पाणी आणि खत भरपूर द्यायचं, आणि पुढच्या उन्हाळ्यात, बाजारात लिंबू दुर्मीळ असताना, हिरवी लिंबं उतरवायची. सिसिलीचा आणि वरूड तालुक्यातल्या शेंदुरजनाघाटचा बगीचेवाला एकमेकांना कधी भेटले नसतील. दोघांना शिकवणारं झाड मात्र एकाच कुळातलं.

आपल्याकडे या थांबवण्याचे तीन मुहूर्त. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, आंब्याला मोहोर येतो त्याच सुमारास. त्यासाठी डिसेंबरात पाणी तोडायचं. मृग बहार जून-जुलैत फुलतो. त्यासाठी एप्रिल-मेच्या आगीत झाड कोरडं ठेवायचं आणि मृगाच्या पावसानं ताण तुटू द्यायचा. हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरातला. ही नावं जरा नीट ऐकावीत. एक नाव आंब्याकडून घेतलेलं, दोन नक्षत्रांकडून. ज्यांनी ती ठेवली, त्यांना अमुक नक्षत्रात आकाश काय करील याची खात्री होती. मृगात ते बरसेल याची खात्री होतीच. त्याहून मोठी खात्री अशी की मृगाआधी ते बरसणार नाही.

अकोला-अमरावतीकडे वर्षाकाठी साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बाकीच्या काळातल्या त्या उघड्या, पांढऱ्या आकाशाला आपण जन्मभर नावं ठेवली. संत्र्यासाठी मात्र ते आकाश म्हणजे अर्धी मशागत होती. रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादहून संत्र्याची रोपं नागपुरात आणली असं सांगतात. फळाला नाव नागपूरचं मिळालं, २०१४ साली भौगोलिक मानांकनही नागपुरी संत्रा म्हणूनच मिळालं. बागांचा मोठा पसारा मात्र अमरावती जिल्ह्यात झाला, वरूड, मोर्शी, चांदूरबाजार, अचलपूर, अंजनगाव सुर्जी, आणि पुढे सातपुड्याच्या पायथ्यानं अकोट-तेल्हाऱ्यापर्यंत. वरूडला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात तेव्हा बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जमीन आणि विहिरी असतात. मला वाटतं, त्या कौतुकातला एक वाटा इथल्या कोरड्या डिसेंबराला आणि कोरड्या मे महिन्याला द्यायला हवा.

ताण किती द्यायचा, हे पुस्तकात थोडं आणि जमिनीत जास्त लिहिलेलं असतं. खाली मुरूम असलेल्या हलक्या वावरात महिनाभरात झाड वाकतं. भारी काळ्या जमिनीत दीड महिना, कधी दोन महिनेही लागतात, कारण ती माती वरून भेगाळली तरी खाली ओल धरून बसते. एकाच धुऱ्याच्या अलीकडे-पलीकडे दहा-पंधरा दिवसांचा फरक पडतो. झाडाची चौथाईभर पानं गळली की ताण बसला असं जुनेजाणते धरतात. त्यापुढे गेलं तर फांद्या शेंड्याकडून वाळायला लागतात. थोडक्यात, झाडाला मरणाच्या वाटेवर काही पावलं चालवायचं आणि ठरल्या पावलावरून माघारी आणायचं. आमच्या नात्यातले एक वडीलधारे कास्तकार मला म्हणाले होते, ‘‘पानी द्याले कोनालेही येते, बाप्पा. हात आवरता आला पायजे.’’ त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. हात आवरण्यासाठी आधी पाणी हाताशी असावं लागतं, आणि दुसऱ्या कुणाचा हात वर नसावा लागतो.

आता हे मनात धरून जानेवारीतला एक पाऊस पाहा. चार दिवस आभाळ, मग एका रात्री वीस-पंचवीस मिलिमीटर. वारा नाही, गार नाही, फांदी मोडलेली नाही. शेजारचा गहूवाला सकाळी खुशीत असतो, त्याचं एक पाणी वाचलेलं असतं. त्याच धुऱ्यावर संत्रावाला गप्प उभा. त्याच्या झाडाचा ताण तिसाव्या दिवशी तुटलेला आहे आणि त्याला बेचाळीस दिवस हवे होते. झाड अर्ध्या झोपेत जागं होतं. काही डोळ्यांतून फूल येतं, बऱ्याच डोळ्यांतून नुसती पानं. काही फांद्या आता फुटतात, काही तीन आठवड्यांनी. मग एकाच झाडावर वाटाण्याएवढं फळ, बोराएवढं फळ आणि कळी, असा तिपेडी संसार सुरू होतो. त्याला खत कोणत्या मापानं द्यायचं, फवारणी कोणत्या दिवशी करायची, काहीच धड ठरत नाही. अवेळी आलेल्या कोवळ्या नवतीवर सायला आणि काळी माशी या किडी जमतात, माशीमागून कोळशी बुरशी. उशिरा धरलेलं बारीक फळ एप्रिलच्या उन्हात सापडतं आणि गळून आळ्यात पडतं. पुढे व्यापारी बगीचा बघायला येतो, एका नजरेत सगळा माल एकसारखा नाही हे ताडतो, आणि तिथंच भाव पडतो.

नुकसानीच्या या प्रकाराला चेहरा नाही, हे मला सगळ्यात जास्त लागतं. गारपिटीला चेहरा आहे. ११ फेब्रुवारी २०१८ ला अमरावती-अकोल्यासह विदर्भ-मराठवाड्यात गारा पडल्या, तेव्हा झाडाखाली पडलेला सडा कुणालाही दिसत होता. फेब्रुवारीतली गार दुहेरी मारते. मृगाचं पिकलेलं फळ अजून झाडावर असतं आणि आंबियाचं फूल नुकतं आलेलं असतं; अर्ध्या तासात दोन बहार जातात. शिवाय सालीला झालेल्या जखमांतून रोग शिरतो आणि झाड पुढची दोन वर्षं कण्हत राहतं. ते दुःख मोठं आहे, पण त्याचा पंचनामा होतो, फोटो निघतो. ताण तुटल्याचा फोटो काढायचा कसा? आदल्या दिवशी मलूल दिसणारं झाड दुसऱ्या दिवशी टवटवीत झालं, एवढंच त्यात दिसेल. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यात अवेळी पाऊस हाही एक धोका म्हणून धरलेला आहे. नवख्या माणसाला नवल वाटावं, पण ही नोंद शहाणपणाची आहे. अडचण मोजण्यात येते. पाऊस मोजला जातो महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर. आणि हिवाळी पावसाची सर तर एका शिवारात पडते, दुसऱ्यात पडतच नाही.

आपलं सगळं भाकीतशास्त्रही एकाच बाजूनं वाढलं. बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते, दुसऱ्या पहाटे तिचं भाकीत ऐकायला वऱ्हाडभरातून कास्तकार जमतात. पाऊस कसा, पीक कसं, हे विचारलं जातं. कपाशी-ज्वारीवाल्याचा प्रश्न तोच असतो, पाऊस येईल का? संत्रावाल्याचा वर्षातला निम्मा प्रश्न याच्या उलट असतो, आकाश कोरडं राहील का? हे विचारणं जिभेवर येत नाही. दुष्काळाचा अनुभव असलेल्या मुलखात पाऊस नको म्हणायला माणूस कचरतो, कारण त्याच्याच भावाची कपाशी पलीकडे पाण्याची वाट पाहत असते.

२०२५ चा मे घ्या. मोसमी वारे २४ मे रोजीच केरळात पोचले, आणि त्याआधीपासून महाराष्ट्रभर आभाळ गळत होतं. भर उन्हाळ्यात गारवा आला म्हणून शहरं सुखावली. मृग बहारासाठी ज्यांनी पाणी तोडलं होतं, त्यांची झाडं मात्र मृग लागायच्या आधीच भिजली. मग वारे पुढे येऊन थबकले, विदर्भात जूनचा पहिला पंधरवडा कोरडा गेला. हवं तेव्हा पाणी नाही आणि नको तेव्हा आहे, हे कोड्यात बोलणं वाटेल. बगीचेवाल्यासाठी तो त्या वर्षीचा हिशेब होता.

उलटं टोकही याच भागानं सोसलं. २०१९ च्या उन्हाळ्यात वरूड-मोर्शीत विहिरी आटल्या, बोअर कोरडे पडले आणि पंधरा-वीस वर्षांची उभी झाडं वाळली. ताण दिलेला होता, तो तोडायला पाणी उरलं नाही. हे दोन्ही तालुके भूजलाच्या अतिउपशाचे, लोकांच्या बोलीत ड्राय झोन. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धाचं एवढं धरण असूनही बहुतेक बागा विहीर-बोअरच्याच पाण्यावर. म्हणून जमिनीखालचं पाणी राखणं हा संत्र्यासाठी वेगळा विषय नाही. माघारी आणायची सोय नसेल तर झाडाला मरणाच्या त्या वाटेवर पाऊलभरही नेता येत नाही.

मग करायचं काय? इथं मला संत्रावाल्यानं लिंबूवाल्याकडे पाहावंसं वाटतं. अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातल्या वाडेगावकडे लिंबाच्या बागा आहेत. लिंबाला खरा भाव उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात फळ हवं तर हस्त बहार धरायला हवा. हस्ताचा ताण बसवायचा ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे धो धो पावसात! डिसेंबर-मेची कोरडी हमी लिंबूवाल्याला कधी मिळालीच नव्हती. भिजत्या आकाशाखाली झाड तहानलेलं कसं ठेवायचं, हाच त्याचा पहिल्यापासूनचा प्रश्न. त्यानं निचऱ्याची हलकी जमीन निवडली, भारीच्या नादी लागला नाही. शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी फवारण्यांचा क्रम बसवला. जूनमध्ये जिबरेलिक आम्ल देऊन त्या वेळची फुलं टाळायची, सप्टेंबरात क्लोरमेक्वाट क्लोराईडनं वाढ रोखायची, ऑक्टोबरात पोटॅशियम नायट्रेटनं डोळे उघडायचे. पाणी थांबवता येत नाही, तर झाडालाच ‘थांब’ म्हणायचं.

संत्र्याचा ताण पावसानं मोडला, तर भारी जमिनीत याच वाढरोधकाची फवारणी सांगितली जाते. तिचा उपयोग होतो, पण निव्वळ औषधावर बहार तरत नाही. खरा फरक पडतो तो आधीच्या तयारीनं. झाडांच्या दोन ओळींमध्ये उताराला धरून चर काढलेला असला, तर अवेळचं पाणी मुळाशी थांबत नाही. पावसाळ्यात डिंक्या रोगाचा धोकाही त्यानंच कमी होतो. ओळी गादीवाफ्यावर असल्या तर आणखी बरं. जपानात संत्र्याच्या झाडाखाली पांढरं कापड अंथरतात, पावसाचं पाणी बाहेरच्या बाहेर जावं आणि तहानलेल्या फळात गोडी भरावी म्हणून. आपल्या खोल काळ्या मातीत पाणी बाजूनं शिरतं, त्यामुळे ते जसंच्या तसं इथं चालेल असं नाही. पण पाऊस पडत असतानाही झाडाला कोरडं ठेवता येतं, हा विचार उचलण्यासारखा आहे. काही शहाणे कास्तकार आता बगीच्याचे दोन भाग करतात, हलक्या पट्ट्यात एक बहार, भारीत दुसरा, म्हणजे एका सरीनं सगळं जात नाही. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांच्याकडे माझं मागणं एवढंच की पाऊस किती पडेल या अंदाजाच्या जोडीला, अमुक खोलीच्या जमिनीत अमुक पावसानं ताण तुटला की तगला, हे गावपातळीवर सांगणारी व्यवस्था उभी राहावी. वीस मिलिमीटर मुरमाड वावरात चार दिवसांत पचतात, काळ्यात पंधरा दिवस घोळतात. तेवढं वेळेवर कळलं तरी फवारायचं की थांबायचं, हा निर्णय अंधारात होणार नाही.

गेल्या जानेवारीत मी नात्यातल्या एका भावाच्या बगीच्यात मुक्कामाला होतो. ताणाचा बत्तिसावा दिवस. संध्याकाळी पश्चिमेकडून ढग चढले, वारा पडला. जेवण झाल्यावर घरातलं कुणी आत गेलं नाही, सगळे ओट्यावर बसून राहिले. सातपुड्याच्या अंगाला वीज लखलखत होती. भाऊ मोबाइलवर ढगांचं चित्र पाहत होता, वहिनी मधूनच हात ओट्याबाहेर काढून पाहत होत्या. मध्यरात्रीनंतर चार थेंब पडले, पत्र्यावर वाजले, थांबले. पहाटे आम्ही बॅटरी घेऊन ओळीत शिरलो. भाऊनं बुंध्याशी बोटभर माती उकरली, मुठीत दाबली, सोडली. ती भुरभुर पडली. मग खालच्या फांदीचं एक पान तोडून माझ्या तळहातावर ठेवलं. चामड्यासारखं, कडेनं आत वळलेलं.

‘‘अजून आठ दिवस,’’ तो म्हणाला आणि पुढच्या ओळीकडे गेला.