नकाशावरील कोरी जागा

गोंदियाहून येणारा रस्ता नागपूर–रायपूर महामार्गाला जेथे मिळतो, त्या कोहमाऱ्याच्या चौकात एका कृषिपदवीधर तरुणाने परवा काढलेले उद्गार मनातून जाता जात नाहीत. हवामानाचे नकाशे हाताने काढणे ही निव्वळ कारकुनी होती, असे त्याचे म्हणणे.

उपग्रह आले, संगणक आले, त्याची उजळणी नको. परंतु नोंद आणि निर्णय यांत मी आयुष्यभर भेद करीत आलो. सकाळी साडेआठच्या निरीक्षणांचे पाच-पाच अंकांचे गट तारेने येत. मग ठाण्याच्या वर्तुळाच्या उजव्या खांद्यावर दाबाचे तीन अंक, म्हणजे ९९८.६ असल्यास ९८६, डावीकडे तपमान, आणि वाऱ्याच्या बाणाला दहा नॉटांस पूर्ण व पाचांस अर्धी काडी, एवढे मांडावयाचे. ही नोंद, तिला कारकुनी म्हणावे, माझी हरकत नाही. त्यानंतर पेन्सिलीने दर दोन मिलिबारला जी समदाब रेषा ओढावयाची, ती मात्र कोणत्याही ठाण्याने कळविलेली नसे. गोंदिया, नागपूर, रायपूर यांच्या दरम्यान कागद कोरा असे, आणि कोहमारा त्या कोऱ्या जागेत. बंगालच्या उपसागरातील न्यूनदाब क्षेत्र ओडिशा-छत्तीसगड ओलांडून आले, की मुसळधार पाऊस बहुधा त्याच्या केंद्राच्या नैर्ऋत्येस पडतो; तेव्हा केंद्र बोटभर इकडे धरावे की तिकडे, यावर येथील धानाच्या बांध्यांतील रोवणीविषयीचा अंदाज फिरे. हा निर्णय होता, आणि तो करणाऱ्याची जबाबदारीही होती.

तरुण म्हणतो, गणित अधिक अचूक. खरे आहे, पण ते गणितही आरंभी हातानेच झाले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका पथकात सेवा करीत असता लुईस रिचर्डसन याने २० मे १९१० च्या हवामानाचे आकडे घेऊन सहा तासांतील दाबबदल कागदावर काढला. उत्तर आले १४५ मिलिबार, प्रत्यक्षात दाब जवळजवळ स्थिर होता. तरीही १९२२ साली त्याने ते चुकलेले गणित आपल्या ग्रंथात जसेच्या तसे छापले. आजच्या साऱ्या संगणकीय अंदाजांचे मूळ त्या प्रामाणिक दप्तरात आहे.

माझी खरी तक्रार पुढची. जहाजांच्या नोंदी तुरळक असलेल्या समुद्रावर मी रेषा तुटक काढीत असे. शंका कागदावर दिसे. मोबाइलवर कोहमाऱ्यासाठी एकच ठाम आकडा उमटतो आणि कोरी जागा लुप्त होते. परंतु हे लिहिताना मला माझ्याच पक्षाचा पाया डळमळताना दिसतो. आज संगणक आरंभीची स्थिती किंचित बदलून तेच गणित पुनःपुन्हा करतो, आणि उत्तरांची फाकच संशयाचे माप ठरते. माझ्या तुटक रेषेला हे माप कधीच साधले नसते. तेव्हा दोष यंत्राचा नव्हे. ती फाक दडवून एकच आकडा लोकांपुढे ठेवणाऱ्या रिवाजाचा आहे.

म्हणून पेन्सिलीचा कैवार मी सोडतो. मात्र आकड्यासोबत त्याची शंकाही शेतकऱ्याच्या हाती दिली पाहिजे, हा आग्रह सोडत नाही. तलावाचे पाणी आज बांध्यांत सोडावे की राखून ठेवावे, ही जोखीम अखेर त्यालाच पत्करावी लागते. आणि जोखीम ज्याची, तिचे माप कळण्याचा हक्कही त्याचाच.