श्रेय, प्रेय आणि शिफारस करणारी यंत्रे

कठोपनिषदात यम नचिकेत्याला सांगतो की माणसापुढे श्रेय आणि प्रेय ही दोन्ही येऊन उभी राहतात. प्रेय म्हणजे जे तत्काळ सुख देते आणि मनाला ओढून घेते, तर श्रेय म्हणजे ज्यात अंती माणसाचे कल्याण असते, मग ते त्या क्षणी हवेसे वाटो वा न वाटो. डिजिटल तंत्रज्ञानाने माणसाचे भले होते की नाही, हे तपासताना हा भेद मुळाशी ठेवावा लागतो, कारण आवडीनिवडी ओळखणाऱ्या बहुतेक यंत्रणांच्या मोजमापात त्याला जागाच नाही.

पॉल सॅम्युएलसन यांनी १९३८ मध्ये मांडलेल्या आणि पुढे ‘प्रकट पसंती’ म्हणून रूढ झालेल्या अर्थशास्त्रीय विचारानुसार, माणसाला काय हवे आहे हे त्याने प्रत्यक्ष काय निवडले यावरून ओळखायचे असते. मागणीच्या सिद्धान्तापुरता तो विचार पुरेसा होता. कल्याणाचे माप म्हणून तो अपुरा पडतो. यूट्यूबने २०१२ मध्ये शिफारशी ठरवताना व्हिडिओ कितीदा उघडला गेला यापेक्षा तो किती वेळ पाहिला गेला याला अधिक वजन दिले, आणि फसव्या शीर्षकांना आळा घालण्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. तरीही मध्यरात्र उलटल्यावर कोणी पुढचा व्हिडिओ पाहतो, तेव्हा त्याला तो हवा होता एवढेच नोंदले जाते; त्याला झोप अधिक हवी होती, हे त्या नोंदीत कुठेच उमटत नाही.

संवाद साधणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. तिच्या प्रशिक्षणात कोणते उत्तर माणसांना अधिक पसंत पडले याचे कौल वापरले जातात, त्यामुळे खऱ्यापेक्षा गोड बोलण्याकडे तिचा कल झुकू शकतो. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीतील एक बदल अतिखुशामतीच्या कारणावरून काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. याउलट यम नचिकेत्याला खूश करत नाही. मृत्यूनंतरच्या सत्याविषयीचा प्रश्न तो आधी टाळतो, दीर्घायुष्य आणि वैभव देऊ करतो, आणि शिष्य ते नाकारतो तेव्हाच उपदेशाला आरंभ करतो. विचारणाऱ्याची घडण हाही त्या उत्तराचाच भाग असतो. एकाकी माणसाला यंत्राशी बोलून मिळणारा दिलासा खरा असतो आणि त्याची हेटाळणी करणे निर्दयपणाचे आहे, परंतु कधीच विरोध न करणाऱ्या सोबतीत ही घडण होणे कठीण आहे.

मग श्रेय यंत्राने ठरवावे काय? उपनिषद तो अधिकार यमालाही देत नाही; निवड विवेकी माणसाचीच राहते. म्हणून शांत मनाने घेतलेल्या निर्णयाला क्षणिक ओढीहून अधिक वजन मिळेल अशी रचना हवी. वेळेच्या मर्यादेसारख्या सोयी आज उपलब्ध आहेत, पण त्या बहुधा सेटिंग्जमध्ये शोधाव्या लागतात, आणि पुढचा व्हिडिओ मात्र न मागता सुरू होतो.