पाय कुठे ठेवावा?

डोंगरावर गेले की माणूस चांगला होतो, असा माझा बरीच वर्षे समज होता. चारचौघांत मी तो ऐटीने बोलूनही दाखवीत असे. औंढा नागनाथच्या एका उतारावर, गवतात बसल्या बसल्या, तो गळून पडला.

गेल्या दसऱ्यानंतरची गोष्ट. आम्ही तीन कुटुंबे मिळून नागनाथाच्या दर्शनाला गेलो होतो. त्या हेमाडपंती देवळाचा गाभारा जमिनीच्या पोटात आहे. अरुंद वाटेने अंग चोरून खाली उतरावे लागते; भल्याभल्यांना तिथे वाकणे सुटत नाही. बाहेर आल्यावर मात्र आमच्या माना पूर्ववत ताठ झाल्या. भोवतालचे डोंगर पाहून मुले हटून बसली, तेव्हा भाकऱ्यांचे गाठोडे घेऊन सारी वरात वर चढली.

पाऊस नुकताच सरला होता. कमरेएवढे गवत वाऱ्यावर डुलत होते. आम्ही सतरंजी अंथरली, ठेचा सोडला. मुलांनी उतारावरून लोळण्याच्या शर्यती लावल्या. खाली दरीकडे पाहत मी मनाच्या शांतीबद्दल काहीतरी बोलतही होतो.

तेवढ्यात हातात विळा घेतलेली एक म्हातारी जवळ आली.

“दादा, जरा बाजूला बसता का? तुडवलेलं गवत इळ्याला येत न्हाई. म्हशीला वर्साचं तेवढंच हाय.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण आमच्यातला एकजण म्हणाला, “आजी, डोंगर काय कुणाच्या मालकीचा असतो?” सगळे हसले. मीही हसलो. ती मुकाट्याने पलीकडचे गवत कापू लागली.

वाक्य तसे उदार होते. फक्त ते बोलणाऱ्याच्या घरी म्हैस नव्हती.

मग मला विसोबा खेचर आठवले. नामदेव गुरूच्या शोधात इथेच आले, अशी कथा आहे. पाहतात तो देवळात एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून खुशाल पडलेला! नामदेवांनी हटकले, तेव्हा विसोबा म्हणाले, देव नसेल तिथे माझे पाय तूच उचलून ठेव. नामदेव पाय हलवतील तिथे पिंडच दिसू लागली. देव सर्वत्र आहे, हा या कथेचा अर्थ आपण लहानपणीच पाठ करतो. पण त्यातून दोन वाटा फुटतात. देव सगळीकडे आहे, तेव्हा पाय कुठेही ठेवावा, ही एक. आणि देव सगळीकडे आहे, तेव्हा पाय जपून ठेवावा, ही दुसरी. सहलीला निघालेला माणूस न कळत पहिली धरतो.

याच औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने 2023 साली मंजुरी दिली. एकमेकींशी काटकोनात असलेल्या तिच्या दोन भुजा प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या. अब्जावधी वर्षांपूर्वी कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, त्याचा तरंग टिपायचा, म्हणून जमीन जिथे कमी थरथरते अशी जागा शोधावी लागली. अशा यंत्राला माणसांच्या वर्दळीचाही उपद्रव होतो. आपल्या पावलांची नोंद यंत्र ठेवते हे ऐकून आपण थक्क होतो. गवतही ती ठेवते, हे सांगायला म्हातारी यावी लागते.

पाय तर कुठेतरी ठेवावाच लागणार. घरी बसून राहणे हा काही धर्म नव्हे. मग ठेवावा कुठे? विसोबांच्या कथेतले एक बारीकसे कलम मला त्या दिवशी प्रथमच दिसले. आपले पाय त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिले होते. कुठे ठेवायचे ते तू ठरव, म्हणाले होते.

मी उठलो. मंडळींनाही उठवले. आम्ही उठलो, पण आडवे झालेले गवत काही उठले नाही. म्हातारीजवळ जाऊन मी म्हणालो, “आजी, चुकलं आमचं. आता कुठं बसू ते तुम्हीच सांगा.”

तिने विळ्यानेच एका खडकाकडे बोट केले.

“तिथं बसा की. सावली बी हाय.”

खरेच, तिथे सावली होती. आणि दरीही तिथूनच सबंध दिसत होती.