वर्दीच्या आतला घाव

एप्रिल २०२१. इंदूरच्या परदेशीपुरा भागात मास्क नाकाखाली घसरला म्हणून दोन शिपायांनी एका रिक्षावाल्याला भर रस्त्यात पाडून लाथाबुक्क्यांनी मारलं. आजारी वडिलांना भेटायला दवाखान्यात निघालो होतो, असं त्याचं म्हणणं. चित्रफीत देशभर फिरली, दोघे निलंबित झाले.

मला त्याआधीचा एप्रिल आठवला. इंदूरच्याच टाटपट्टी बाखल वस्तीत आरोग्य पथकावर दगड पडले होते. त्याच महिन्यात जुनी इंदूरचे ठाणेप्रभारी देवेंद्र चंद्रवंशी कोरोनाने गेले. सहकारी गेला, तरी दुसऱ्या दिवशी चौकात उभं राहावंच लागतं. त्या दोन शिपायांच्या मनात काय साचलं होतं, मला ठाऊक नाही. पण निलंबनाच्या आदेशात हा प्रश्न मावतच नाही.

१८६१च्या पोलीस कायद्याचं २२वं कलम सांगतं, पोलीस सदैव कामावरच समजला जाईल. शिपायालाही मन असतं, हे तेव्हा कोणाच्या गावी नव्हतं. सैनिकांबद्दलही तेच. १९१५मध्ये मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी पहिल्या महायुद्धाच्या खंदकातून थरथरत परतलेल्यांच्या अवस्थेला ‘शेल शॉक’ म्हटलं, तरी पुष्कळांना तो भ्याडपणाच वाटला. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत आघातोत्तर तणाव हा आजार म्हणून दाखल व्हायला १९८० उजाडलं. पोलिसाकडे नजर वळली ती सैनिकानंतर. सतत धोक्याच्या तयारीत राहिलेल्या मनाला उलट उत्तरही हल्ल्यासारखं वाटतं आणि हात आधी उठतो, हे आता समजू लागलं आहे.

आपल्याकडे विचार अटकेतल्या माणसापासून सुरू झाला, आणि ते योग्यच झालं. डी. के. बसू खटल्यात १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोठडीतल्या माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. कोठडीबाहेर पहारा देणाऱ्याच्या मनाची तपासणी कोणी करायची?

घाव आहे म्हणून मारहाण माफ होत नाही. सगळा दोष घावाचाही नाही. ‘कॉमन कॉज’ आणि ‘लोकनीती’ या संस्थांच्या पोलिसांवरच्या २०१९च्या अहवालात दर चारपैकी तीन पोलिसांना गुन्हेगारांवर हिंसा करणं गैर वाटत नव्हतं. ही शिकवण आहे, आजार नव्हे. पण त्याच अहवालात पोलिसाचा सरासरी दिवस १४ तासांचा निघाला. चूक शिकवणीची असो की मनाची, थकलेल्या माणसाला ती सुधारायला उसंत कुठे?

उसंत देता येते. २०१६मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. त्याची योजना एका शिपायानेच मांडली होती आणि आयुक्त दत्ता पडसलगीकरांनी ती उचलून धरली. मध्य प्रदेशातही जानेवारी २०१९मध्ये साप्ताहिक सुट्टी सुरू झाली, पण ती टिकली नाही.

डिसेंबर २०२१पासून इंदूरला पोलीस आयुक्तालय आहे. आयुक्तांनी एवढं तरी करावं: मृतदेह, दंगल, दगडफेक पाहून आलेल्या प्रत्येक शिपायाला समुपदेशकाकडे पाठवावं, आणि त्याची नोंद सेवापुस्तकात करू नये. लाइन अटॅच होण्याआधी, म्हणजे ठाण्यातून काढून पोलीस लाइनीत बसवलं जाण्याआधी, त्याला हा दरवाजा दिसू द्या.