पहिली आच

गोंदिया हा धानाचा मुलूख. येथल्या भातगिरण्यांत उकडा तांदूळ करताना बॉयलरखाली धानाचाच तूस जाळतात. आता पाहा, तुसात जाळ दडलेला, भोवती हवाही भरपूर. तरी ढीग थंडच पडून राहतो. पहिली आच लागली, की मग आपल्याच उष्णतेने जळत जातो. हा जो पहिला चढ, त्यास रसायनशास्त्रात सक्रियण ऊर्जा म्हणतात. स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८९ साली हा विचार मांडला.

मनाचेही तसेच नव्हे काय? धुऱ्यावरून दोघे भाऊ अबोला धरतात. लोक म्हणतात, "प्रेमच आटलं हो!" पण प्रेम आत असते, अडते ते पहिल्या शब्दापाशी. मग दोष कोणाला द्यावा? आम्हांस वाटते, आधी चढ कमी करावा. रसायनात उत्प्रेरक कमी चढाची वाट दाखवतो आणि स्वतः सरत नाही. दोघांना एका पंगतीत बसवणारा वडीलधारा तोच. तो प्रेम बाहेरून आणीत नाही, आणि पहिला शब्द भावालाच बोलावा लागतो. संतसंगतीचे कामही याहून वेगळे नाही.

तेव्हा सज्जनहो, कोणी थंड दिसला तर त्यास कोरडा म्हणू नका. त्याची वाट सोपी करा.