सासऱ्यांशी फुगडी

सासऱ्यांसमोर जावयाने ताठ बसावे की सैल, याबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत. पण सासऱ्यांशी फुगडी खेळताना कसे उभे राहावे, हे धर्मशास्त्रातही नसावे. माझ्यावर हा प्रश्न घाटनांदूरला, म्हणजे सासुरवाडीलाच कोसळला.

गावात सप्ताह होता. काल्याचे कीर्तन संपले, दहीलाह्या वाटून झाल्या आणि टाळकऱ्यांनी फुगड्या धरल्या. (फुगडी फक्त बायकांची, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा आषाढीच्या वाटेवर जाऊन यावे. एकनाथांनी तर सोळाव्या शतकात फुगडीवर भारूड रचले.) सासऱ्यांनी उपरणे कमरेला कसले, हात पुढे केले. "या जावईबापू!"

कृती सोपी. उजव्या हातात उजवा, डाव्यात डावा, चवड्याला चवडा, अंग मागे टाकायचे आणि फिरायचे. माझे अंगच मागे जाईना. माझे वजन ८२ किलो, त्यांचे ५०च्या आत, वय ७५. मी आपटलो तर हरकत नाही. ते आपटले तर बायको मला जन्मभर आपटेल! म्हणून मी आदराने ताठ राहिलो. आम्ही घाण्याच्या बैलांसारखे दोन फेरे घेतले आणि थांबलो.

"आदर ऱ्हाऊ द्या, भार द्या," सासरे म्हणाले. "तुमी ताठ, तर मी झुकू कसा?"

त्या रात्री झोप लागली नाही. फुगडीत ओढ दोघांची सारखीच. पण ती तोलायला हलक्या माणसाला जास्त मागे झुकावे लागते. म्हणजे ज्याची हाडे ठिसूळ, त्यानेच अधिक विश्वास टाकायचा! हा कुठला न्याय? आणि मी त्यांना जपत होतो, की उमेदीत मोट हाकलेल्या त्या मनगटांवर माझा भरवसा नव्हता? भरवसा आधी आणि सराव मग, असे मी समजत होतो. भरवसा बसेपर्यंत थांबलो असतो, तर अजून तसाच ताठ उभा असतो.

मग रोज संध्याकाळी अंगणात शिकवणी. पहिल्या दिवशी मी तुळशीवृंदावनावर गेलो, दुसऱ्या दिवशी दोघेही. सासूबाईंनी हळद तयारच ठेवली होती. चौथ्या दिवशी अकरा फेरे झाले.

परळीची गाडी आली तेव्हा सासऱ्यांनी माझे हात हातात घेतले, जरा ओढून पाहिले.

"डावा अजून राखून धरता," म्हणाले. "पुढच्या सप्त्याला या."