समोरच्या डोंगरावरचे डोळे

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एक म्हातारा सुतार होता. त्याला दोन मुलगे. ऑक्टोबर सरत आला की एल्कच्या शिकारीचा हंगाम उघडे आणि तिघे डोंगरात जात. एल्क आपल्या सांबराच्याच गोतातला, पण अंगाने थोराड. पुरता वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे भरतो. एक मिळाला की घराचा हिवाळा निघे.

एका वर्षी म्हाताऱ्याचे गुडघे धरले. तो पायथ्याशी तंबूत राहिला. मुलांच्या हाती एकेक वॉकीटॉकी देऊन म्हणाला, "पाय घसरला, वाट चुकली, तर बोला. जनावराबद्दल बोलायचं नाही."

सकाळी थोरला एका धारेवर दुर्बीण घेऊन बसला. धाकटा समोरच्या डोंगराच्या घळीतून वर चढत होता. पहाटेची गार हवा उतारावरून खाली येत होती, म्हणून वर झाडीत उभ्या असलेल्या एल्कला त्याचा वास लागला नव्हता. पण ऊन तापले की डोंगरातला वारा उलटतो, खालून वर वाहू लागतो. थोरल्याला एल्कही दिसत होता आणि भाऊही. भावाला एल्क दिसत नव्हता. उन्हाची तिरीप घळीत उतरू लागली, तसे थोरल्याला राहवेना. त्याने बटण दाबले.

"घळ सोड. उजव्या सोंडेवरून वळसा घालून वरून ये. मोठ्या पाइनमागे उभा आहे."

तासाभराने एकच बार झाला.

धाकटा तंबूत येऊन आनंदाने सांगत सुटला. म्हाताऱ्याने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "वारा फिरणार हे कुणाला कळलं?"

"दादाला."

"पाइनमागचा एल्क कुणी पाहिला?"

"दादानंच."

"लांडग्यापासून वाचायला त्याला नाक आहे, कान आहेत. तुझ्याशीही तो त्यांच्याच बळावर झुंजतो, आणि बहुतेक वेळा तोच जिंकतो. पण समोरच्या डोंगरावरून तुझ्या कानात कुणी बोलतंय, हे त्याला कुठल्या नाकानं कळावं?"

थोरला म्हणाला, "मग दुर्बीण कशी चालते, बाबा? रायफल तरी कुठं बरोबरीची आहे?"

"नाहीच. म्हणून तर जे उरलंय ते राखायचं. तुझ्या दुर्बिणीतून तुलाच दिसतं. रायफल घेऊनही त्याच्याजवळ तुझं तुलाच पोचावं लागतं. आज तेवढंही उरलं नाही."

मला इथे आपल्याकडची जुनी हाक्याची शिकार आठवते. तीही काही बरोबरीची नव्हती. पण हाकेकऱ्यांचा गलका निदान जनावराच्या कानी तरी पडे. मोंटानाचा कायदाही म्हाताऱ्याच्याच बाजूचा आहे: रेडिओ किंवा मोबाइलवर बोलून शिकार साधणे तिथे गुन्हा, अडल्यानडल्याला बोलायला मात्र मुभा. थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये उभा केलेला बून अँड क्रॉकेट क्लब तर अशा शिकारीची आपल्या विक्रमांत नोंदच घेत नाही.

मांस वाया जाऊ द्यायचे नाही, म्हणून तिघांनी, म्हाताऱ्यानेही, ते तुकड्यातुकड्याने पाठीवरून खाली आणले. मग म्हाताऱ्याने स्वतःच गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे कायदे राखणाऱ्या अधिकाऱ्याला, बोलावले. दंड झाला, मांस गेले, शिंगे गेली. त्या हिवाळ्यात घरात विकतचे मांस शिजले.

पुढच्या एका हंगामात थोरला पुन्हा त्याच धारेवर होता. तीच घळ, खाली भाऊ, वर झाडीत एक मोठा नर. ऊन चढत होते. वॉकीटॉकी त्याच्या खिशात होता. त्याने हात दुर्बिणीवरून काढला नाही. वारा फिरला. एल्कने मान वर केली, नाक ताणले आणि काटकीही न मोडता तो खिंडीपलीकडे उतरून गेला.

रात्री शेकोटीशी धाकट्याने विचारले, "काही दिसलं का रे, दादा?"

"दिसला. तुझ्या डोक्यावर, दोनशे पावलांवर. वारा फिरला."

धाकटा बराच वेळ विस्तवाकडे बघत राहिला. मग उठून त्याने बुटांना तेल लावायला घेतले.

"उद्या अंधारातच चढायला हवं," तो म्हणाला.